शेकोटीजवळचा प्रवास

नाताळची सुट्टी लागून आम्ही कोरीटला घरी आलो, की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री अंगणातल्या शेकोटीजवळ जिल्ह्याचा नकाशा उघडला जातो. गेल्या काही वर्षांत हा आमच्या घरचा जणू कुळाचारच होऊन बसला आहे. ज्यांनी नंदुरबारकडची थंडी अनुभवली नाही, त्यांना खानदेश म्हणजे बारा महिने भाजून काढणारा मुलूख वाटतो. पण पौषातल्या रात्रीचा वारा घोंगडीच्या आत शिरू लागला, म्हणजे शेकोटीच्या कडेची हातभर जागाही मानापमानाचा विषय होते. नकाशाच्या एका टोकाला आम्ही बसतो, दुसऱ्या टोकाला आमचे धाकटे बंधू. घड्यांवर विरलेली गावांची नावे पूर्वी कंदिलाच्या उजेडात लावावी लागली असती, ती आता मोबाईलच्या उजेडात लावतो, एवढाच काय तो काळाचा फरक.

नकाशावर बोट ठेवून आम्ही सांगावयास लागतो. पहिल्या दिवशी सायकलीने तापी ओलांडून प्रकाशे. तेथे तापी-गोमाईच्या संगमावर स्नान आणि केदारेश्वराचे दर्शन. मग शहादे, म्हसावद, राणीपूर करीत सातपुड्याच्या पायथ्याशी. पुढे घाट. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून ११०० मीटरांहून अधिक उंच आहे, म्हणजे तापीच्या काठापासून जवळजवळ एक किलोमीटर उभे चढावयाचे. आमच्या सायकलींना गिअर नाहीत. तेव्हा घाट बहुतेक ढकलतच पार करावा लागेल, याची आम्ही प्रामाणिकपणे नोंद करतो. वर पोहोचल्यावर यशवंत तलावाच्या काठी विश्रांती, सीताखाईच्या कड्यावरून सूर्यास्त, आणि मग उतारावरून पायडल न मारता खाली. निघावयाचे केव्हा? अर्थात मे महिन्यात, कॉलेज बंद झाल्यावर!

या बेतांत विलक्षण गोडी असते हे कोणीही कबूल करील. शेकोटीजवळ बसून केलेल्या प्रवासात टायर पंक्चर होत नाही, गुडघा दुखत नाही आणि तहानही लागत नाही. कालिदासाचा यक्ष आमच्या मते बेत आखणाऱ्यांचा मूळ पुरुष होय. स्वतः जागेवरून हलण्याची त्याला मुभा नाही. पण मेघाला वाट सांगताना कोठे विसावा घ्यावा, कोणत्या नदीचे पाणी प्यावे, आणि वाकडी वाट पडली तरी उज्जयिनी का चुकवू नये, हे तो असे रंगून सांगतो की, निम्म्याअधिक प्रवासाचे सुख त्याने सांगण्यातच भोगून घेतले असावे असे वाटते. मात्र यक्षावर शापाची सक्ती होती. आमच्यावर कोणाचा शाप होता, हा प्रश्न आम्ही स्वतःला पुष्कळ वर्षे विचारला नाही.

हिवाळ्यात बसून उन्हाळ्यातल्या सायकलप्रवासाचे बेत करावेत, ही कल्पना आम्हाला इंग्रजी पुस्तकांनी दिली. जेरोम के. जेरोम यांचे तीन मित्रांच्या जर्मनीतील सायकलप्रवासाचे पुस्तक १९०० साली निघाले. आम्ही ते कॉलेजात असताना वाचले, आणि त्यातला प्रवासाआधीचा खल, तसेच दुसऱ्याची धडधाकट सायकल दुरुस्त करण्याच्या भरात ती खिळखिळी करून ठेवणारा गृहस्थ, आम्हास प्रत्यक्ष प्रवासाहून अधिक लक्षात राहिला. इंग्लंडात सायकलप्रवाशांचा क्लब १८७८ पासूनचा. तेथे डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, रस्ते ओले आणि बोटे गारठलेली. तेव्हा माणसाने हिवाळ्यात विस्तवापाशी बसून नकाशे पाहावेत आणि उन्हाळ्यात बाहेर पडावे, यात शहाणपणच आहे. तो बेत त्या हवेतून उगवलेला आहे. आम्ही मात्र त्यांचा ओव्हरकोट खानदेशच्या वैशाखात घालू पाहत होतो.

आपल्याकडे बाहेर पडण्याचा काळ पूर्वापार निराळा. रघुवंशातला रघू दिग्विजयास निघतो तो शरद ऋतूत, नद्या उतरल्यावर आणि वाटांवरचा चिखल सुकल्यावर. आमचे सीमोल्लंघन दसऱ्याचे. मुंबईचे पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले तेही १५ ऑक्टोबर १९२३ या दिवशी, म्हणजे पावसाळा सरल्यावरच. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे प्रदक्षिणा पुरी करून मार्च १९२८ मध्ये परतले. वैशाखाविषयी तर शास्त्रही शेतकऱ्याच्याच बाजूचे आहे. वारा अंगाहून थंड असतो तोवरच तो अंग निववतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. तेव्हा हवा आपल्या कातडीहून सात-आठ अंशांनी उष्ण असते. अशा वेळी सायकलीच्या वेगाने लागणारा वारा अंगातली उष्णता बाहेर नेण्याऐवजी आत लोटतो, आणि निववण्याचे सारे काम एकट्या घामावर पडते. हे सर्व आम्हाला माहीत होते. पण शेकोटीच्या धगीत उन्हाळ्याची धग आठवत नाही.

मग मे महिनाच का? कारण मे महिन्यात आम्हास सुट्टी असते. बंधूंना केव्हा सवड असते, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते.

आम्हां उभयतांची लहानपणी मिळून एकच सायकल होती. वडिलांची, काळी, उंच दांड्याची. सीटवर बसून पाय पोहोचत नसत, म्हणून दांड्याखालून पाय घालून, एका अंगाला कलून आम्ही ती शिकलो; एकाने चालवावयाची आणि दुसऱ्याने मागचे कॅरिअर धरून धावावयाचे, असा करार होता. स्वच्छ हवेच्या दिवशी उत्तरेस सातपुड्याची निळी रेघ दिसे. 'मॅट्रिक झालात की तोरणमाळला जा दोघे सायकलीने,' असे वडील म्हणत. आम्ही मॅट्रिक झालो आणि शिकावयास पुण्यास गेलो. पुणे हे तेव्हा सायकलींचे शहर. तेथे आम्हास सायकलीची हौस लागली, तिच्यावर चार विनोदी लेखही लिहिले. बंधू घरी राहिले आणि सायकलही घरी राहिली. तिच्यावरून त्यांनी दुधाच्या किटल्या नेल्या, खताची पोती वाहिली, वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात रात्री औषध आणले. आमच्या लेखी सायकल हे वाङ्मय होते. त्यांच्या लेखी ती घरच्या बैलासारखी होती. कॅरिअर धरून मागे धावण्याची पाळी मात्र त्यांचीच कायम राहिली, हे आता ध्यानात येते.

गेल्या वर्षीचा बेत इतका पक्का होता की, आम्ही तारीखही ठरविली होती. ऐन वेळी उत्तरपत्रिका तपासण्याचे काम लांबले. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही फोन करून 'पुढच्या वर्षी नक्की' असे सांगितले. बंधू 'बरं' म्हणाले. त्या एका शब्दावर आम्ही निर्धास्त झालो आणि पत्रिकांच्या गठ्ठ्याकडे वळलो.

यंदा घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी काही कामाने गुरांच्या गोठ्यामागच्या पत्र्याच्या पडवीत गेलो, तो पोत्याने झाकलेली ती जुनी सायकल दिसली. पोते दूर केले. दोन्ही टायर नवे होते, पण वर्षभर उभ्या उभ्या, पत्र्याच्या तापाने त्यांना बारीक भेगा पडल्या होत्या. ब्रेकची रबरे नवी, सीटवर नवे आच्छादन. कॅरिअरला एक पत्र्याचा डबा तारेने पक्का बांधलेला. त्यात पंक्चरचे सामान, पान्हे आणि दुमडलेला एक कागद. कागदावर गावांची नावे होती: प्रकाशे, शहादे, म्हसावद, राणीपूर. प्रत्येक नावापुढे, कोठे कोणाच्या ओळखीने मुक्काम करता येईल, ते बंधूंच्या अक्षरात लिहिलेले होते.

आम्ही भावजयींना विचारले. त्या चुलीपुढून न उठता म्हणाल्या, 'मागच्या वर्षी आठ दिवस पहाटे उठून सराव करत होते. तुमचा फोन आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी एकटेच प्रकाशापर्यंत जाऊन आले. घाटावर बसले म्हणे थोडा वेळ. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते.'

आम्ही आजवर वर्गात कितीतरी वेळा सांगितले असेल की, बेत करण्याचे सुख हे प्रवासाच्या सुखाहून उणे नसते. ते विधान एकट्या माणसापुरते खरे असेल. दोघांनी मिळून केलेल्या बेतात एकाला जे सुख वाटते, ते दुसऱ्याला वचन वाटू शकते. आणि वचन देणाऱ्याला आपण ते दिले आहे याचा पत्ताही नसतो. आम्ही दर हिवाळ्यात शेकोटीजवळ जो प्रवास करून मोकळे होत होतो, त्याचे टायर दुसरा कोणी खरोखरीच विकत आणीत होता.

त्या रात्री नकाशा उघडला, तो आम्ही नव्हे, बंधूंनी. ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, 'यंदा तरी जावानं शे ना, भाऊ?'

'तू सांग केव्हा,' आम्ही म्हटले.

असा प्रश्न त्यांना अपेक्षित नसावा. त्यांनी शेकोटीतले लाकूड आत सारले आणि थोड्या वेळाने बोलू लागले. आता नाही, मिरचीचा तोडा चालू आहे, कापसाची शेवटची वेचणी राहिली आहे, आणि गव्हाच्या पाण्याला रात्रीची वीज मिळते म्हणून एक आड एक आठवडा जागरण. मे महिन्यातही नाही. ऊन एक, आणि कपाशीसाठी रानाची तयारी दुसरी. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्याचे बाजार भरतात, वाटेवर गर्दी होते. पण होळी होऊन गेली की गहू घरात आलेला असतो. पळस फुललेला असतो, मोहाची फुले गळू लागलेली असतात, पहाटे अजून गारवा असतो. पहाटे निघावे, दहाच्या आत मुक्काम गाठावा, दुपार सावलीत काढावी. 'होळीनंतर चौथ्या दिवशी. चार दिवस मी मोकळा,' ते म्हणाले. आणि मग जरा संकोचून, 'पण तेव्हा तुमचं कॉलेज असतं.'

कॉलेज असते खरे. ते आमच्या आधी होते आणि आमच्या मागेही राहील. इतक्या वर्षांच्या नोकरीत आम्ही लग्नकार्यांसाठी, दुखण्यांसाठी आणि व्याख्यानांसाठी रजा घेतली. धाकट्या भावाबरोबर सायकलीवर जावयाचे आहे, असे कारण रजेच्या अर्जात कसे लिहितात, हे आम्हास ठाऊक नव्हते. शेकोटी विझत आली तेव्हा आत जाऊन कागद घेतला आणि चार दिवसांच्या नैमित्तिक रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या जागी 'घरगुती' असे घातले. ते खोटे आहे असे आम्हास वाटत नाही.

उद्या नंदुरबारास जाऊन टायरांची नवी जोडी आणावयाची आहे. बंधू म्हणतात, भेगा वरवरच्या आहेत, निभावून जाईल. आम्ही म्हणतो, निभावून नेणे पुष्कळ झाले. पैसे यंदा आम्ही देणार आहोत; आणि घाटात त्यांची सायकल चढेनाशी झाली, तर मागून कॅरिअर धरण्याची पाळीही आमचीच आहे.