जाम झालेला ब्रेक कॅलिपर
फ्लोटिंग कॅलिपर गाइड पिनांवर सरकतो. पिनेचा रबरी बूट फाटला की पावसाळ्यात पाणी आत शिरते, पिन गंजते आणि पॅड डिस्कला घासतच राहतो. ते चाक तापते, गाडी एका बाजूला ओढते. दुरुस्तीसाठी गाडी स्टँडवरच टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालणे जिवावर बेतू शकते. पिना काढून गंज घासावा, सिलिकॉन ग्रीस लावावे. साधे पेट्रोलियम ग्रीस इथे घातकच, त्याने रबर फुगते. पिस्टनच अडकला असेल, तर होज काढण्याआधी समोर लाकडी ठोकळा ठेवून पेडलच्या दाबाने तो बाहेर आणावा. गंजाचे खड्डे पडलेला पिस्टन घासत बसू नये, बदलावाच. मग ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या नळीतली हवा काढणे; पेडल कडक लागेपर्यंत गाडी हलवू नये.