दोन दाबांमधली नळी

‘दाब’ हा मराठीतला मोठा सोशिक शब्द आहे. विजेचाही दाब आणि हवेचाही दाब. इंग्रजीने दोन शब्द नेमलेले काम आपण एकावरच भागवले. आंदर मावळात, टाकव्याच्या पुढे, एका माजी विद्यार्थ्याच्या पंक्चरच्या दुकानात हे दोन दाब एकमेकांसमोर ठाकलेले मी पाहिले.

त्याने जुना कॉम्प्रेसर विकत घेऊन पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह प्लेट, गॅस्केट सारे नवे घातले होते. रिकामी टाकी तो झोकात भरी. आठ किलो झाले की थांबे. (हवा टाकीत किलोवर आणि टायरात पौंडावर का मोजावी, हे कोडे कोशकारांनी सोडवावे.) टाकी सहा किलोंवर उतरली की मोटर पुन्हा चालू व्हावी, तर ती नुसती गुरगुरे. एकदा वाइंडिंग जळाले. मोटर पुन्हा भरून घ्यायला त्याने पैसे उसने आणले होते. दुसऱ्यांदा ते कुणी देणार नव्हते.

मोटर थांबते तेव्हा पंप आणि टाकी यांच्यामधल्या नळीत हवा कोंडून राहते. पुढच्या वेळी पिस्टनला पहिल्याच हालचालीत ती रेटावी लागते. त्यात संध्याकाळी गावातला विजेचा दाब घसरतो. मोटरचा सुरुवातीचा जोर त्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. दाब १० टक्के उतरला की जोर सुमारे १९ टक्के उतरतो. याच खोऱ्यातले ठोकरवाडी जलाशयाचे पाणी १९२२ पासून घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात उतरते आहे. ते उभारणाऱ्या कंपनीच्या नावात आंदरचे ‘आंध्रा’ झाले, हेही भाषेच्या माणसाने नोंदवून ठेवावे.

यावर उपाय म्हणजे अनलोडर. जुन्या प्रेशर स्विचला तो नव्हता. नव्या स्विचच्या बाजूला तो बोटाच्या पेराएवढा बसवलेला होता. स्विच तुटला की त्याचीच दांडी एक पिन दाबते आणि कोंडलेली हवा बाहेर पडते. मला ‘भारमोचक’ हा प्रतिशब्द सुचला होता. विद्यार्थी त्याला ‘फुसकी’ म्हणत होता. वर्गात उच्चारायची पंचाईत असली, तरी दोहोंत शब्द त्याचाच खरा.

नळी जोडायची कुठे, यातच सारी मेख. टाकीच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. त्याच्या अंगावरचे बारीक भोक पंपाच्या बाजूला उघडते. नळी तिथूनच घ्यायची. टाकीच्या बाजूने घेतली, तर मोटर थांबताच कोंडलेल्या चिमूटभर हवेऐवजी सगळी टाकीच रिकामी होऊ लागेल. शेजाऱ्याने प्लास्टिकची नळी सुचवली. “सर, पंपातून हवा तापून येते, ती टिकायची नाही,” असे मला सांगून त्याने पाव इंची तांब्याची नळी घेतली, मध्ये तिला एक वेढा दिला. थरथरीने सरळ नळी सांध्यापाशी चिरते, वेढा ती थरथर पोटात घेतो. टेफ्लॉनची टेप गुंडाळताना पहिला आटा त्याने मोकळा सोडला, तिचा तुकडा व्हॉल्व्हमध्ये जाऊ नये म्हणून. मग सांध्यांवर साबणाचा फेस लावला. बुडबुडा आला नाही.

मोटर आठ किलोंवर थांबली. फुस्स झाले, पण ते थांबेचना. दोन-तीन सेकंदांत आवाज विरायला हवा. तो चालूच राहिला, तर टाकीतली हवा उलटी येते आहे, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतो आहे. मावळच्या पावसाळ्यात पंप हवेबरोबर पाणीही टाकीत भरतो, आणि पाणी गंज धरते. त्याने वीज बंद केली, टाकी पूर्ण रिकामी केली, मगच व्हॉल्व्ह उघडला. बैठकीवर गंजाचा एक कण होता. तो पुसून व्हॉल्व्ह बसवला, टाकीच्या तळाचा नळ उघडून पाणी काढले आणि पुन्हा हवा भरली. या खेपेस फुस्स दोन सेकंदांचे. तोवर दिवेलागण झाली होती, बल्ब पिवळा पडला होता. त्याने हवा सोडून काटा सहावर आणला. पट्टा हलला, मोटर उचलली.