वीस नाणी आणि सव्वीस अर्ज

२०२४ सालच्या वर्षावासातील एका रविवारी वंदना आटोपली आणि माझी भाची विहारातच थांबली. थोरल्या बहिणीची ही मुलगी हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिने पर्समधून रुपयाची वीस नाणी काढून सतरंजीवर ओतली आणि म्हणाली, "मामा, आमच्याकडे नव्या टीमला पहिला धडा हाच देतात. बसा खेळायला." इंजिनिअर झालेली माणसे कामाच्या वेळात नाणी उलटत बसतात, हे मला काही पटेना. पण बसलो.

चार जणांनी ओळीने बसायचे. पहिल्याने डाव्या हाताने वीसही नाणी एकेक करून उलटायची आणि मगच सगळी दुसऱ्याकडे सरकवायची. दुसऱ्याने तसेच, असे चौथ्यापर्यंत. दुसऱ्या डावात पाच-पाच नाण्यांचा गठ्ठा, तिसऱ्यात एक नाणे उलटले की लगेच पुढे. भाची मोबाईलवर वेळ लावून बसली.

चौथ्या जागी आमच्या वस्तीतले रिक्षावाले दादा होते. पहिल्या डावात बराच वेळ त्यांच्यापुढे काहीच येईना. "दादा, झोपू नका," म्हणून पोरे हसली. नाणी आली तेव्हा तीच पोरे ओरडू लागली, "दादा, आटपा, तुमच्यामुळे उशीर होतोय!" शेवटी बसणाऱ्याच्या वाट्याला नेहमी हेच येते. आधी रिकामटेकडा, मग दिरंगाई करणारा. कचेरीत मी वीस वर्षे हेच पाहतो आहे.

मी बी.कॉम. झालेला माणूस, कागदावर हिशेब मांडला. एका नाण्याला एक सेकंद धरला तर वीसच्या गठ्ठ्याला ८० सेकंद लागतात, पाचच्या गठ्ठ्याला ३५, आणि एकेक सरकवल्यास २३. पहिले तयार नाणे पहिल्या डावात ६१व्या सेकंदाला हाती येते, तिसऱ्यात चौथ्याच सेकंदाला. प्रत्यक्षात आम्हाला वेळ जास्त लागला, पण क्रम हाच राहिला. गंमत अशी, की तिसऱ्या डावात प्रत्येकाला आपण हळू चाललो आहोत असे वाटत होते, आणि काम मात्र सर्वांत लवकर उरकले.

भाचीने मग समजावले. पूर्वी सॉफ्टवेअर करताना आधी सगळा आराखडा, मग सगळे लिखाण, मग सगळी तपासणी असे चाले. गिऱ्हाईकाला वस्तू दिसायला महिनेच्या महिने जात, आणि चूक तेव्हा कळे. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटा राज्यातील स्नोबर्ड येथे सतरा जाणकार जमले आणि त्यांनी कामाच्या नव्या रीतीचा जाहीरनामा लिहिला. या रीतीला अजाइल म्हणतात. थोडे करायचे, लगेच दाखवायचे, चुकले तर लगेच सुधारायचे. हे भाषणाने डोक्यात शिरत नाही म्हणून खेळ.

दुसरा खेळ पत्त्यांचा. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ साली तो मांडला. एखादे काम किती मोठे, याचा अंदाज प्रत्येकाने आकडा असलेल्या पत्त्याने द्यायचा. पण पत्ते पालथे ठेवायचे आणि सर्वांनी एकदम उघडायचे. ज्याचा आकडा सर्वांत लहान आणि ज्याचा सर्वांत मोठा, त्यांनी कारण सांगायचे. "मी नवी होते तेव्हा मीटिंगमध्ये तोंड उघडत नव्हते, मामा," ती म्हणाली. "साहेबांचा ३ आला आणि माझा १३. मला बोलावेच लागले. आणि काम १३चेच निघाले." जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवले. पत्त्यांनी ती उतरंड मोडत नाही, हे मला कळते. पण पोरीला बोलायला मिळाले. बाकी या खेळांतून शिकून कंपन्या माणसाला आणखी पिळतही असतील. भाचीही रात्री दहाला घरी येते.

तिसऱ्या डावानंतर तिने पुन्हा वीसचा गठ्ठा लावला, पण त्यात गुपचूप चार आण्याचे एक नाणे घातले. ती नाणी २०११ सालीच चलनातून गेली. तिघांनी ते मुकाट उलटले. चौथ्या दादांनी हातात घेऊन म्हटले, "अरे, हे तर चालतच नाही." भाची हसून म्हणाली, "सगळी वीस अशी असती तर?"

मी हसलो नाही. २०२२ साली वस्तीतल्या सव्वीस मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज मी भरले होते. महिनाभर सगळ्यांचे कागद गोळा केले, मग सगळे स्कॅन केले, मग सगळे भरायला बसलो. शेवटच्या दोन दिवसांत कळले, की मी सर्वांकडून मुदत संपलेले उत्पन्नाचे दाखले घेतले आहेत. पहिलाच अर्ज पहिल्या आठवड्यात भरला असता तर तेव्हाच कळले असते. धावपळ करून पंचवीस जणांचे नवे दाखले निघाले. एका मुलीचा निघाला नाही. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची फी भरायला तिच्या आईने कानातली फुले गहाण टाकली. मला कोणी बोलले नाही, उलट "भाऊ, तुम्ही तरी किती करणार," असेच म्हणाले. ते जास्त लागले.

त्या वर्षी अर्ज सुरू झाल्यावर आम्ही गठ्ठा केला नाही. ज्याचे कागद आले त्याचा अर्ज त्याच रविवारी, विहाराच्या ओसरीवर, लॅपटॉप मांडून. तपासणीला शेवटी कोणी बसायचे नाही, माझ्या शेजारीच बसायचे ठरले. त्या जागेवर तीच मुलगी आली. आता ती तिसऱ्या वर्षाला होती. पहिल्याच अर्जाला तिने माझा हात धरला.

"काका, थांबा. या खात्याला आधार जोडलेले नाही."