मॅलमची वहिवाट

इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशायर डेल्स या डोंगराळ प्रदेशात, मॅलम नावाचे एक लहानसे गाव आहे. करड्या दगडांची घरे, मधून वाहणारा ओढा आणि चहूबाजूंनी डोंगरमाथ्यापर्यंत चढत गेलेली हिरवी कुरणे. या गावातून निघून पुन्हा गावातच परतणारी सुमारे १२ किलोमीटरची एक पायवाट आहे. राई, घळ, पठार, तळे आणि प्रचंड कडा हे सारे ती एका दिवसात दाखवते. याहून मोठे नवल असे की, वाटेतली बरीच जमीन खासगी मालकीची असूनही तेथून चालत जाण्यास कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

गाव सोडताच वाट ओढ्याकाठच्या शेतांत शिरते. शेताशेतांमध्ये चुना-माती न वापरता, नुसते दगडावर दगड रचून उभ्या केलेल्या भिंती आहेत. त्यांतून जाण्यासाठी लहान फाटके असतात. वाटसरू फाटक उघडतो, आत येतो आणि ते पुन्हा नीट लावून घेतो. पुढे राई लागते. वसंत ऋतूत तेथे रानलसणाचा वास दरवळत असतो. राईच्या टोकाशी जॅनेट्स फॉस हा छोटा धबधबा आहे. पाण्यातील चुना थरावर थर साचून येथे दगडाचा पडदाच तयार झाला आहे. खालच्या डोहात पूर्वी लोकर कातरण्याआधी मेंढ्या धूत असत.

थोड्याच अंतरावर गॉर्डेल स्कार ही घळ येते. दोन्ही बाजूंचे कडे शंभर मीटरांहून उंच असून वरच्या बाजूने आत झुकलेले आहेत. जेम्स वॉर्ड या चित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काढलेले या घळीचे भव्य चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयाच्या मालकीचे आहे. धबधब्याशेजारचा खडक चढून वर जाता येते. ज्यांना ते धाडस नको, ते मागे फिरून गाडीरस्त्याने पठार गाठतात.

पठारावर मॅस्टाइल्स लेन हा जुना मार्ग भेटतो. मध्ययुगात फाउंटन्स मठाचे साधू याच मार्गाने आपल्या मेंढ्यांचे कळप नेत. त्यांची लोकर इटलीचे व्यापारी विकत घेत. मठाने पुढच्या वर्षांची लोकर आगाऊ विकून पैसे उचलले आणि तेराव्या शतकात तो मोठ्या कर्जात सापडला. हाती न आलेल्या मालाचे पैसे आधीच खर्च केले की काय होते, हे व्यापारी घरांना वेगळे सांगायला नको. आज लोकरीचा भाव इतका उतरला आहे की कित्येकदा कातरणीची मजुरीही सुटत नाही. या कुरणांची मिळकत आता मुख्यतः मांसाच्या बाजारावर चालते. हिरव्या उतारावर बागडणारी कोकरे पाहताना अहिंसेला मानणारे मन येथे थोडे जड होते.

पुढे ३७७ मीटर उंचीवर मॅलम टार्न हे तळे आहे. चुनखडीत पाणी टिकत नाही. परंतु या तळ्याच्या तळाशी पाणी न झिरपू देणारा खडक असल्याने ते भरलेले राहते. तळ्यातून निघालेला ओढा मात्र थोडे अंतर जाताच जमिनीत गडप होतो. हेच पाणी मॅलम कोव्ह या कड्याच्या पायथ्याशी बाहेर पडते, असा पूर्वी समज होता. तपासणीत आढळले की ते गावाच्याही दक्षिणेला उगवते आणि कड्याखालचा झरा दुसऱ्याच ठिकाणाहून येतो. वाट कोरड्या दरीतून उतरून या कड्याच्या माथ्यावर येते. भेगाळलेल्या चुनखडीची फरसबंदी, भेगांत वाढलेले नेचे आणि समोर सुमारे ८० मीटरांचा सरळ तुटलेला कडा. एरवी कोरडा असलेला हा कडा डिसेंबर २०१५ च्या वादळी पावसात धबधबा होऊन कोसळला होता.

चालण्याचा हक्क तेथेही सहज मिळालेला नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी, मॅलमच्या दक्षिणेकडील किंडर स्काउट या डोंगरावर, शिकारीसाठी राखलेल्या जमिनीत शेकडो कामगार तरुण मुद्दाम शिरले. त्यांतील पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ साली कायदा झाला आणि जुन्या पायवाटांची नकाशावर अधिकृत नोंद करण्याचे काम सुरू झाले. पुढे सुमारे ४३० किलोमीटरच्या पेनाइन वे या दीर्घ पायवाटेचे उद्घाटन मॅलमच्याच माळावर झाले. दिवस होता २४ एप्रिल १९६५.

या हक्काला कर्तव्याचीही जोड आहे. २००१ मध्ये जनावरांत लाळ्या-खुरकूत पसरला, तेव्हा देशभर पायवाटा बंद झाल्या. साथ रोखण्यासाठी लाखो मुकी जनावरे मारली गेली. लोकांनी वाटांवरून जाणे थांबवले. पाहुण्यांवर चालणाऱ्या खेड्यांचे व्यवसाय बसले, तरी वाटेवरचा हक्क बुडाला नाही. साथ ओसरल्यावर वाटा पुन्हा खुल्या झाल्या.

महाराष्ट्रात याच हक्काला ‘वहिवाट’ हा नेमका शब्द आहे. अडवलेला शेतरस्ता मोकळा करून देण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने तहसीलदारांना दिला आहे. तरीही दरवर्षी नांगराचे एकेक तास आत सरकते, बैलगाडीची पांदण माणसापुरती उरते, आणि शेवटी दोन सख्खे शेजारी तारखांना समोरासमोर उभे राहतात. जमीन ज्याची त्याचीच असावी. पण वाट सर्वांची असते, एवढे मान्य केले तर कितीतरी भांडणे बांधावरच मिटतील.

मॅलममध्ये संध्याकाळी चालणारे लोक कड्यावरून उतरून गावाकडे वळतात. शेवटच्या कुरणाचे फाटक ओलांडल्यावर मागून कोणी येत आहे का, हे ते वळून पाहतात. कोणी असेल तर फाटक धरून थांबतात. नसेल तर कडी लावून पुढे निघतात.