रिकामं पाऊल

न्हाणीत पडले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मोडलेलं मनगट सांधलं, पण तेव्हापासून मी जमिनीकडे बघत चालायला लागले. कुणी विचारलं तर हसून सांगायचे, "ईर्यासमिती पाळतेय!" मुनिमहाराज चार हात पुढची जमीन न्याहाळत चालतात, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. माझं तसलं काही नव्हतं. मी भ्यायले होते.

लेकीच्या बाळंतपणाला बेळगावहून सिंगापूरला गेले, ती ही भीती घेऊनच. नातवाला मांडीवर घ्यायचे, पायावर घेऊन न्हाऊ घालायचे, पण त्याला घेऊन उभी म्हणून राहायची नाही. लेकीच्या ध्यानात आलं होतं. ती मुकाट्यानं बाळ आणून माझ्या मांडीवर ठेवायची. त्याचंच जास्त लागायचं.

तिथल्या सरकारी इमारतींचा तळमजला मोकळा सोडलेला असतो. पहाटे तिथं आठ-दहा चिनी बायका ताई ची करत. ऐंशीच्या घरातली एक आजी पुढं उभी असायची. तिसऱ्या दिवशी तिनं मला हातानं बोलावलं. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच, मोजकं. त्यामुळं बरं झालं, बोलणं कमी.

त्यांचा चोवीस आसनांचा क्रम. चीनच्या क्रीडा मंडळानं 1956 साली यांग घराण्याच्या लांबलचक क्रमातून तो आखून घेतला. लेकीनं नावं वाचून दाखवली : रानघोड्याची आयाळ विंचरणं, पांढरा करकोचा पंख पसरतो, ढगांसारखे हात, सोनेरी कोंबडा एका पायावर. कोंबडा सोडून बाकीचं जमेल असं वाटलं. काहीच जमलं नाही.

कारण आजीनं तीन आठवडे मला नुसतं चालायला लावलं. गुडघा किंचित वाकवून सगळा भार एका पायावर घ्यायचा. तो भरलेला पाय. दुसरा उचलून पुढं टाच टेकवायची, पण रिकामी. तिच्यावर भार अजून द्यायचा नाही. जमीन निसरडी वाटली तर पाय तसाच मागं घेता आला पाहिजे. मग हळूहळू भार ओतायचा, टाच, तळवा, बोटं. एरवी आपण काय करतो? अंग आधी पुढं टाकतो, पाय मागाहून सावरायला धावतो. न्हाणीत माझा पाय असाच भरलेला पडला होता, साबणाच्या पाण्यावर.

आजी सारखी "सोंग, सोंग" म्हणायची. मी चपापले. माझं सोंग हिला कळलं की काय! चिनीत त्याचा अर्थ सैल सोडणं, पण गळून जाणं नव्हे. खांदे खाली, कोपरं खाली, छाती ताठ काढायची नाही, डोकं मात्र वरून दोऱ्यानं टांगल्यासारखं. कायोत्सर्गात काया सोडून द्यायची असते, हे मला लहानपणापासून पाठ. उभ्यानं नऊ णमोकार म्हणत चाळीस वर्षं काढली, खांदे काही एकदाही सोडले नव्हते.

ताई चीतला 'ची' आणि प्राणशक्तीचा 'ची' हे चिनीत वेगळे शब्द आहेत, हेही तिथंच कळलं. ही शक्ती नाभीखाली तीन-चार बोटांवर साठते म्हणतात. मला शक्तीबिक्ती काही जाणवली नाही. जाणवलं ते वजन. दोन वर्षं गळ्याशी धरून ठेवलेलं, ते पोटाखाली उतरलं.

एकदा तिनं माझ्या हनुवटीखाली दोन बोटं घालून मान वर केली. "नो लुक. फूट नोज." खरंच, मान खाली गेली की डोक्याचा भार पुढं जातो, आणि आपण पडायलाच निघतो.

नातू अडीच महिन्यांचा असताना एका रात्री रडत उठला. लेक तापानं झोपलेली. मी त्याला खांद्यावर घेतलं आणि उभी राहिले. डावी टाच पुढं टेकवली, रिकामी. मग भरली. समोर खिडकीबाहेर रस्त्याचा दिवा होता, त्याच्याकडे बघत गेले. परत वळले तर लेक पलंगावर उठून बसलेली.

"आई, लाईट लावू?"

"नको. झोप तू."