रूपकाचा आडोसा

'रोमिओ आणि ज्युलिएट' हे नाटक १५९७ साली प्रथम छापले गेले. आपल्याकडे ते शिकवताना अलंकारांची यादी करण्याची रूढ पद्धत आहे. उपमा कुठे, रूपक कुठे, विरोधाभास कुठे, ते दाखवा आणि गुण मिळवा. परीक्षेपुरते ते ठीकच. पण या नाटकातले अलंकार अंगावर चढवलेले दागिने नव्हेत. निषिद्ध प्रेमाला उभे राहण्यापुरती मिळालेली ती जागा आहे, असे आम्हांला वाटते.

पहिल्या अंकातली भेटच पाहावी. कॅप्युलेटांच्या मेजवानीत माँटेग्यूंचा मुलगा मुखवटा घालून शिरला आहे. परक्या मुलीचा हात धरायला निमित्त हवे. रोमिओ तिच्या हाताला देवस्थान म्हणतो आणि आपल्या ओठांना यात्रेकरू. इटालियन भाषेत 'रोमिओ' म्हणजे रोमला निघालेला यात्रेकरू, हेही ध्यानात घ्यावे. ज्युलिएट तेच रूपक उचलून त्याला अडवते, आणि अडवता अडवता जवळ येऊ देते. दोघांच्या बोलण्यातून १४ ओळींचे सुनीत पुरे होते. तोवर त्यांना एकमेकांची नावेही ठाऊक नसतात.

दुसऱ्या अंकात मात्र ज्युलिएट सावध आहे. रोमिओ चंद्राची शपथ घेऊ लागताच ती त्याला थांबवते. जो महिनाभर पालटत राहतो त्याची शपथ कशाला? तिला शब्दांची आरास नको, लग्नाचा निरोप हवा.

एकदा वर्गात पाचव्या अंकातले थडगे आले. ज्युलिएट औषधाच्या गुंगीत आहे, तिच्या ओठांवर नि गालांवर लाली आहे. रोमिओला ती दिसते, पण सौंदर्याचे निशाण म्हणून. मृत्यूने अजून न जिंकलेले. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, लाली दिसली, तर त्याने श्वास का नाही पाहिला?"

कुणी हसले नाही. घरी एखादे आडनाव उच्चारण्याची सोय नसलेली मुले त्याही वर्गात होती. ती प्रत्येक वर्गात असतात.

आम्ही एवढेच म्हणालो, की ज्या बोलीने त्याला पहिल्या रात्री वाट करून दिली, त्याच बोलीत तो शेवटपर्यंत पाहत राहिला. चौथ्या अंकात ज्युलिएटचा बापही मृत्यूला जावई म्हणून रडतो. तेव्हा मुलगी जिवंत असते आणि खरा जावई मांटुआत. त्या घरात 'माझे लग्न झाले आहे' हे चार शब्दांचे साधे वाक्य बोलता आले असते, तर एवढ्या रूपकांची गरजच पडली नसती.

तेव्हापासून 'अलंकार ओळखा' या प्रश्नाखाली आम्ही आणखी एक प्रश्न घालतो: हेच साधेपणाने कुणाला सांगता आले असते? ज्युलिएटपुरती दोनच नावे निघतात, दाई आणि धर्मगुरू लॉरेन्स. दाई तिसऱ्या अंकातच 'पॅरिसशी लग्न कर' असा सल्ला देऊन मोकळी होते. आणि बाहेर चाहूल लागताच लॉरेन्स तिला थडग्यात एकटी सोडून निघून जातो.