जांभळी जीभ आणि गायरानाचा हक्क

मार्च लागला की आमच्या वस्तीतल्या लेकरांच्या जिभा जांभळ्या होतात. ओढ्याकाठी तुतीची दोन झाडं आहेत. ती कुणी लावलेली नाहीत. पाखरांनी फळं खाल्ली, बी टाकलं, झाडं उगवली. यंदा शेजारच्या शेतमालकाने दहा वर्षांच्या एका पोराला पकडलं, जीभ बाहेर काढायला लावली आणि 'चोर' म्हणत वस्तीपर्यंत हाकलत आणलं. जांभळी जीभ हाच पुरावा!

आम्ही आधी भांडायला गेलो नाही. सातबारा काढला, गावनकाशा पाहिला. झाडं गायरानाच्या गटात निघाली. मग दुसऱ्या दिवशी सकाळीच बाया, लेकरं आणि आम्ही जुनी लुगडी घेऊन झाडाखाली गेलो.

तुती एकेक तोडत बसायची नसते. खाली लुगडं अंथरायचं आणि फांदी हलकेच हलवायची. पिकलेलं फळ आपोआप पडतं, कच्चं झाडावरच राहतं. ते राहू द्यावं, कारण कच्च्या फळाच्या चिकाने पोट बिघडतं. पिकलेली तुती दिवसभरही धड टिकत नाही, म्हणून त्याच दिवशी चूल पेटवली. किलोभर फळाला अर्धा किलो गूळ आणि दोन लिंबांचा रस असा हिशोब धरला. स्टीलच्या पातेल्यात, मंद आचेवर, घट्ट होईपर्यंत ढवळलं. जरा आंबट, लालसर फळं होती त्यांची हिरवी मिरची, लसूण आणि मीठ घालून चटणी वाटली. भाकरीबरोबर ती पुरली नाही.

चुलीपाशी एक आजी १९७२ च्या दुष्काळाचं सांगत होती. खडी फोडायची, सुकडी खायची आणि तरोट्याची भाजी शिजवायची. ऐकताना आम्हाला आमचाच डबा आठवला. एम.ए.ला असताना आईने दिलेली तरोट्याची भाजी आम्ही वर्गमित्रांसमोर कधी उघडली नाही. आज त्याच भाज्यांचे सरकारी रानभाजी महोत्सव भरतात आणि शहरातले लोक त्या पैसे मोजून नेतात. पदार्थ तोच, पण ताट बदललं की त्याची जात बदलते. समाजशास्त्राची पुस्तकं वाचूनही ही लाज आम्ही वर्षानुवर्षं बाळगली, हे इथे कबूल केलं पाहिजे.

तुतीचंही तसंच. जालना, बीडकडे तुती आज रेशीम उद्योगाचं नगदी पीक आहे. लागवडीला सरकारी अनुदान मिळतं. पण त्यासाठी स्वतःच्या नावावर जमीन लागते, पाणी लागतं. ज्याच्याकडे दोन्ही नाही, त्याच्या वाट्याला पाला कापायची मजुरी येते. आणि त्याच्या पोराने गायरानावरचं पडलेलं फळ उचललं तर तो चोर!

कुणी म्हणेल, दोन झाडांसाठी एवढा आटापिटा कशाला? २० मार्च १९२७ रोजी महाडलाही प्रश्न केवळ तहानेचा नव्हता. सार्वजनिक गोष्ट नेमकी कुणाची, हा तो प्रश्न होता. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांना रस्त्यावर उतरवलं, तेही याच प्रश्नावर. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. तरी आपल्या गावात कुणाकुणाचं नाव लागलं आणि कुणाचं राहिलं, हे आपल्यापैकी कितीजणांनी तपासलं आहे?

मित्रहो, जयंतीच्या वर्गणीसाठी आपण घरोघर फिरतो. यंदा त्याच फेरीत गायरानाचे गट, त्यांचा नकाशा आणि गाव नमुना १-ई मधल्या नोंदी गोळा करा. ज्याचं नाव राहिलंय त्याचा अर्ज लिहून द्या. आमच्या वस्तीत ही यादी सुरू झाली आहे.

त्या पोराला मुरंब्याची पहिली वाटी दिली. खाण्याआधी त्याने विचारलं, "आता कुणी काही म्हणणार नाही ना?" त्याला द्यायचं उत्तर अजून आपल्याला कमवायचं आहे.

जय भीम!